गोल काम थोरल्याचं

खांडेनवमीची पूजा आटोपत आली होती. उकंडराव लेथच्या, म्हणजे कातायच्या यंत्राच्या, फिरत्या चकाला झेंडूची माळ बांधत होते, तेव्हा सुलतानपूरचा मोतीराम हातात नारळ घेऊन शेडच्या दारात उभा राहिला.

"आज मशीन बंद, मोतीराम," उकंडराव मागे न वळताच म्हणाले. "नवमीले हत्यार हलत नाही. दसरा होऊ दे, मंग ये."

"कामाले नाही आलो, उकंडभाऊ. नवस फेडाले आलो." मोतीरामाने वहाणा बाहेर काढल्या, आत येऊन नारळ लेथपुढे ठेवला आणि देवाला जोडावेत तसे हात जोडले. "मिरची करपून चालली होती. इंजिनाचा बुश घासला न् विहिरीचं पाणीच बंद. मनात बोललो, ज्या मशीनीवर नवा बुश होईन तिच्यापुढं नारळ फोडीन. आता इंजिन असं चालते का ऐकत बसावं! फोडू?"

"कोणता बुश?"

"पिस्टनच्या पिनेचा. पिवळा."

"म्या तुह्यासाठी बुश केला नाही."

"तुमी नाही, कारभारीनं करून देला. तुमी अकोल्याले तेरवीले गेलते ना, तवाची गोष्ट." मोतीराम हसला. "पण मशीन तं हेच ना? गोल वस्तू डोणगावात दुसरी कुठी होते?"

उकंडरावांनी माळेची गाठ पूर्ण केली. मग हात पुढे केला. उकंडरावांच्या धाकट्या भावाने, कारभारीने, एक जास्तीचा बुश करून दिला होता, तो मोतीरामाच्या बंडीच्या खिशात होता. त्याने तो कौतुकाने काढून दिला.

बुश म्हणजे पिनेभोवती बसणारं पोकळ कडं, गनमेटल नावाच्या पिवळ्या धातूचं. उकंडरावांनी तो दारातल्या उजेडात धरला. बाहेरच्या अंगावर बारीक रेघा होत्या, एकमेकींना चिकटून गोल फिरलेल्या. वस्तू फिरते आणि हत्यार तिच्या कडेने सरकतं, तेव्हाच अशा रेघा उमटतात. हे लेथचं काम होतं, यात वादच नव्हता. सवयीने त्यांनी अंगठ्याचं नख बुशवरून ओढलं. त्यांच्या लेथचं पुढचं बेअरिंग झिजलेलं होतं, त्यामुळे त्यावर केलेल्या प्रत्येक कामात नखाला एक हलकी लाट लागायची. या बुशवर ती लागली नाही.

उकंडरावांनी बुश खिशात टाकला. नख पुन्हा ओढून पाहिलं नाही.

"नारळ उचल," ते म्हणाले.

"काऊन भाऊ?"

"उचल म्हणतो ना बे!"

मोतीराम नारळ घेऊन रस्त्यावर आला. आपलं काय चुकलं ते त्याला वडाखाली पोचेपर्यंत कळलं नाही. कळलं तेव्हा तो कारभारीच्या शेडकडे निघाला, पण वाटेत उकंडरावांच्या फाटकाशी चढलेले आवाज ऐकून थांबला.

त्याला आठवलं ते अख्ख्या डोणगावाला ठाऊक होतं. महाराष्ट्र झाला त्याच वर्षी या भावांची वाटणी झाली. शेत वाटून झालं, भांडी वाटून झाली, अडलं ते यंत्रांपाशी. बापाचा लेथ थोरल्याला आणि बंद पडलेल्या जिनिंगच्या लिलावातून दोघांनी आणलेलं मिलिंग मशीन धाकट्याला, इथपर्यंत सगळे राजी होते. पण गिऱ्हाईक कोणाचं? तेव्हा चुलत्यांनी तोडगा काढला. गोल काम थोरल्याचं, चपटं काम धाकट्याचं. दोघा भावांनी त्यावर बेलभंडारा उचलून शपथ घेतली. तेव्हापासून शाफ्ट, पिना, पुल्या, बुश उकंडरावांकडे जात, आणि चावीच्या खाचा, गिअरचे दाते, सपाट पट्ट्या कारभारीकडे.

*

गोजरबाईंनी चालण्यावरूनच नवऱ्याचा राग ओळखला. उकंडराव ओसरीवर आले, टोपी काढली नाही, पाणी मागितलं नाही. त्यांनी बुश पाटावर ठेवला.

"आपण अकोल्याले होतो तवा शेडाची किल्ली कोणापाशी होती?"

"कोणापाशी राहीन? शालूबाईपाशी."

हे सांगताना गोजरबाईंच्या मनात एक जुनी गोष्ट आपोआप जागेवर बसली. नणंद विधवा होऊन देऊळघाटहून या घरी आली तेव्हापासून त्यांची नजर तिच्या ओंजळीवर होती. साय कोणत्या घरी जाते, पापडाचा चांगला गठ्ठा कोणाच्या डब्यात पडतो. धाकट्याच्या घरी काही जातं असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. न पाहिल्यामुळेच त्यांची खात्री होती.

शालूबाई आत पुरण वाटत होत्या. हाक मारल्यावर हात पुसत बाहेर आल्या.

"शालूबाई, आमी अकोल्याले होतो तवा शेडाचं कुलूप काढलं होतं काय?"

"हाव, काढलं होतं."

गोजरबाईंना नकाराची अपेक्षा होती. होकार ऐकून त्या जरा अडखळल्या. "काऊन?"

"मांजर व्याली होती आत. खिडकीतून शिरली न् पिलं ओरडून राह्यली होती. दूध ठेवाले गेली होती मी."

"दूध! अन् दूध पिऊन मांजरीनं हा बुश कातला?"

"कोणता बुश?"

"पाह्यजा, कशी इचारते!"

उकंडरावांनी हाताने बायकोला गप्प केलं. "शाले, खरं सांग. कारभारी आत आला होता?"

"तो फाटकातही नाही आला, दादा."

"मंग हे झालं कुठी? गावात दुसरा लेथ नाही. मेहकरले जाऊन करून आणला असता तं गिऱ्हाइकानं सांगतलं असतं. कुलूप तू काढलं, तू सोता कबूल करून राह्यली."

"मी मांजरीसाठी काढलं म्हणून कबूल केलं. चोरीसाठी काढलं असतं तं कबूल केलं असतं काय?"

"घे शपथ," गोजरबाई म्हणाल्या.

"कोणाची घेऊ, वयनी? माह्याजवळ शपथ घ्याले राह्यलं कोण?"

पाटावरचा बुश घरंगळून कडेला आला. तो उकंडरावांनी बोटाने थांबवला. असं थांबवताना नख पुन्हा त्यावरून गेलं, आणि त्यांनी बोट पटकन मागे घेतलं. गोजरबाईंनी ते पाहिलं, पण त्याचा अर्थ त्यांना लागला नाही.

"उद्या दसरा आहे," उकंडराव म्हणाले. "सोनं वाटून झालं का परवा सकाळच्या गाडीनं मी तुले देऊळघाटले सोडतो. तुह्या दिराच्या घरी. माह्या घरात राहून माह्या कुलपाशी दगा, हे मले नाही चालत."

देऊळघाटला शालूबाई गोठ्याच्या पडवीत झोपत, दिराच्या गुरांचं शेण काढल्यावर मग भाकरी मिळे, हे या घरात सगळ्यांना माहीत होतं. उकंडरावच एकदा तिथून त्यांना आणायला गेले होते.

गोजरबाईंनी हे वाक्य वदवून घ्यायला किती वेळा आडून सुचवलं असेल. आता ते नवऱ्याच्या तोंडून आलं आणि त्यांना पहिला विचार आला तो म्हशीची धार आता कोण काढणार याचा. दुसरा विचार असा, की आज बहिणीला घालवणारा माणूस उद्या बायकोलाही किल्लीबद्दल विचारू शकतो.

"परवाच काय, दोन दिवस मागंपुढं…" त्या म्हणाल्या.

"तू मंधात बोलू नको."

*

"कारभारी, लय घोळ झाला रे बाप्पा," मोतीरामाने नारळ खाली ठेवत सगळं सांगितलं.

कारभारी मिलिंग मशीनपुढे उदबत्ती लावत होता. त्याची बायको आशाबाई कोपऱ्यात रांगोळी पुरी करत होती. बोटातली पांढरी चिमूट तशीच ठेवून ती ऐकत राहिली.

"अक्काले देऊळघाटले पाठवतो म्हणते?" कारभारीने विचारलं. शालूबाईंना तो अक्का म्हणे.

"म्या फाटकाबाहेरून आयकलं. परवाच्या गाडीनं."

कारभारी निघालाच. आशाबाई आडवी आली.

"थांबा. तुमी काई बोलू नका."

"काऊन?"

"राग दोन दिवसात उतरते. वन्संले पाठवलं तं जाऊबाईले म्हैस कोण दोहून देईन? पण तुमी एकदा बोलले का म्या गोल काम केलं, तं चुलते उद्या आपट्याचं पान देण्याआधी इथं येतीन. बेलभंडारा मोडला म्हणतीन. मशीनीले कुलूप लागंन."

"म्या लेथले हात नाही लावला."

"बोली लेथची नव्हती. गोलची होती."

हे खरं होतं. त्या बोलीत कोणत्या यंत्राचं नावच नव्हतं. मोतीराम आला त्या दिवशी कारभारीने हाच विचार बराच वेळ केला होता. थोरल्याचं शेड बंद, मिरची वाळत होती, आणि मोतीरामाला मेहकरला पाठवलं तर तिथं नंबर कधी लागेल याचा भरवसा नव्हता. कारभारी मशीनकडे बघत बसला होता. मिलिंगमध्ये कटर फिरतो आणि काम टेबलावर सरकतं. लेथमध्ये काम फिरतं आणि हत्यार सरकतं. दोन्हीकडे एकानं फिरायचं, एकानं सरकायचं. मग दोघांनी जागा बदलल्या तर? ते सुचल्यावर त्याला वचन आठवेना, नुसतं ते करून पाहायचं होतं. बुश मापात उतरला तेव्हा बाजूला कोणी नव्हतं. आशाबाई शेतात होती. एवढी गोष्ट कोणाला तरी सांगावी म्हणून तो संध्याकाळपर्यंत तडफडला होता, आणि मग वचन आठवून गप्प बसला होता.

"एक इचारू?" आशाबाई हळू आवाजात म्हणाली. "वन्संनं खरंच किल्ली नव्हती ना देली तुमाले?"

कारभारीने तिच्याकडे पाहिलं. "तू बी?"

"मी फक्त इचारून राह्यली. म्या तं काई पाह्यलं नाही तुमाले करतानी. चपट्या मशीनीवर गोल होते, हे मले तरी कसं पटावं?"

मोतीरामही नजर चुकवून नारळाची शेंडी कुरवाळत होता. कारभारीला समजलं, की आपण गप्प बसलो तर दादाच काय, ही घरातली बाईसुद्धा आयुष्यभर अक्काकडे त्याच नजरेनं पाहील. त्याने आशाबाईला बाजूला केलं आणि तो बाहेर पडला.

*

शालूबाईंनी पत्र्याची पेटी उघडली होती, पण तिच्यात अजून काही ठेवलं नव्हतं. त्यांना काय न्यायचं हे ठरवता येत नव्हतं. या घरात त्यांचं म्हणावं असं काय, याचा हिशोब त्यांनी कधी केलाच नव्हता. ओसरीवर आवाज चढला तेव्हा त्या दाराशी आल्या.

"अक्काचा काई संबंध नाही, दादा. बुश म्या माह्या मशीनीवर केला."

उकंडराव हसले. त्या हसण्यात मजा नव्हती. "मिलिंगवर गोल केला? उद्या म्हणशीन चुलीवर धोतर धुतलं."

"चाल. दाखवतो."

"चोर सापडला का असंच बोलते," गोजरबाई म्हणाल्या. "बहिणीले वाचवाले आला आता!"

"चाल म्हणतो ना, दादा. तुह्या डोळ्यांपुढं करतो."

"आज नवमी आहे!" गोजरबाई ओरडल्या. "पूजा झालेलं मशीन फिरवतीन? बापाच्या घरात असं कोणी केलं नाही."

मागून आशाबाई धापा टाकत आली होती. तिने लगेच तो धागा पकडला. "जाऊबाई बराबर बोलतात. दसरा होऊ द्या, मंग पाहू." शालूबाईंनी वाटणीनंतर प्रथमच दोन्ही जावांना एका बाजूला उभं राहिलेलं पाहिलं.

"परवा सकाळी अक्का गाडीत राहीन," कारभारी म्हणाला. "मंग काय दाखवू, अन् कोणाले?"

उकंडराव उठले. त्यांनी पाटावरचा बुश उचलून मुठीत घेतला. "चाल. अन् शाले, तू बी चाल."

सगळे कारभारीच्या शेडात आले, तिथं मोतीराम नारळ घेऊन बसलाच होता. कारभारीने मशीनवरची माळ काढली, कपाळाला लावली आणि खिडकीत ठेवली. इंजिन सुरू केलं. पट्टा फडफडला आणि आडवी दांडी फिरू लागली, जिच्यावर एरवी कटर बसतो. त्याने ती थांबवून कटर उतरवला. कपाटातून गनमेटलचा भोक पाडलेला तुकडा काढला, बाहेरून ओबडधोबड. तो दांडीवर सरकवून दोन्ही बाजूंनी कड्या लावल्या आणि नट आवळला. मग टेबलावरच्या शिकंज्यात, जिथं काम धरतात तिथं, लेथवर गोल कातायचं हत्यार पकडलं.

"हे हत्यार कुठलं?" उकंडरावांनी ताडकन विचारलं. "माह्या पेटीतलं?"

"मेहकरच्या बाजारातलं. पाह्य, धार पाह्य."

उकंडरावांनी वाकून धार पाहिली. "अशी धार म्या नसती लावली," ते म्हणाले. ते खरंच होतं. पण शालूबाईंच्या लक्षात आलं, की संशयाचा एक दरवाजा दादानेच असा नाइलाजाने बंद केला होता.

कारभारीने इंजिनाचा पट्टा चढवला. तुकडा फिरू लागला. हत्यार टेकलं आणि सगळं मशीन थरथरलं, कर्कश आवाज आला.

"होते काय!" गोजरबाई म्हणाल्या.

"हत्यार खाली आहे," उकंडराव म्हणाले. मग पुन्हा, जोरात, "टेबल वर घे बे! हत्याराचं टोक दांडीच्या मध्याच्या रेषेत आण. तुह्या बापानं काय शिकवलं?"

"तूच आण ना दादा. तूच फिरव, म्हणजे हातचलाखी केली असं कोणी म्हणणार नाही."

उकंडरावांनी बुश खिशात टाकला आणि हँडल धरलं. टेबल वर घेतलं, एक डोळा मिटून टोक पाहिलं, पुन्हा केसभर घेतलं. मग दुसऱ्या हँडलने टेबल दांडीच्या बाजूने हळूहळू सरकवू लागले. आवाज बदलला. कर्कश होता तो एकसारखा झाला. पिवळा कीस बारीक सुटू लागला आणि त्याखालून चकचकीत गोल अंग उघडं पडत गेलं. शालूबाईंना यंत्राचं काही कळत नव्हतं. पण थोरल्या भावाचे खांदे खाली आलेले त्यांना दिसले, लहानपणी तो भोवरा सोडायचा तेव्हा यायचे तसे.

कारभारीने मशीन थांबवलं. उकंडरावांनी अंगठ्याचं नख त्या गोलाईवरून ओढलं. एकदा, मग उलट्या बाजूने. लाट कुठंच लागली नाही.

"माह्या लेथपेक्षा…" ते म्हणाले आणि थांबले.

ते अर्धं वाक्य गोजरबाईंनी बरोबर ऐकलं. या मशीनवर चपटंही होतं आणि गोलही. त्यांच्या शेडातल्या यंत्रावर फक्त गोल. "म्हणजे यानं बेलभंडारा मोडला!" त्या एकदम म्हणाल्या. "चुलत्याईले बोलवा. गोल काम थोरल्याचं ठरलं होतं, सगळ्या गावापुढं."

"हाव, थोरल्याचंच," आशाबाई म्हणाली. ती आता जावेच्या बाजूला उभी नव्हती. "मंग आता कोणी केलं? हँडल कोणाच्या हातात आहे, पाहा ना जाऊबाई."

सगळ्यांनी पाहिलं. उकंडरावांचा हात अजून हँडलवरच होता. आज, नवमीला, धाकट्याच्या मशीनवर, गोल काम थोरल्याने केलं होतं. मोतीरामाला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं.

उकंडरावांनी हात काढला नाही. "लांब शाफ्ट होईन काय यावर? हातभर?"

"नाही होत. टेबल तेवढं सरकत नाही. लांबले लेथच पाह्यजे."

"असं." उकंडरावांच्या आवाजातला ताण जरा उतरला. "अन् भोक मोठं असंन तं?"

"तं दांडीवर आधी कडी बसवा लागंन, मापाची. तीच अडचण आहे."

"कडी मी कातून देतो. पण तुह्या कटरच्या दांडीचं माप मले लागंन."

"घे ना. आताच घे."

कारभारीने पट्टा पुन्हा चढवला. दोघे भाऊ मशीनवर वाकले, डोकी एकमेकांना लागतील इतके. एक सांगत होता, दुसरा मधेच तोडत होता. गोजरबाई आणि आशाबाई एकमेकींकडे न बघता दोघांचं बोलणं कान देऊन ऐकत होत्या, कोणाच्या वाट्याला काय जातंय ते. मोतीराम विचारत होता, नारळ आता कोणत्या मशीनीपुढं फोडायचा. त्याला कोणी उत्तर देत नव्हतं.

शालूबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. आपण चोर नाही हे सिद्ध झालं, हे त्यांना कळलं होतं. ते पटल्याचं कोणी त्यांच्याकडे वळून सांगितलं नव्हतं. मशीन फिरलं नसतं तर परवाची गाडी होतीच. फिरलं, म्हणून नाही. मधल्या वेळात कोणालाच त्यांचा शब्द पुरला नव्हता.

"शाले," उकंडराव मशीनवरून मान न उचलता म्हणाले, रोज म्हणत त्याच आवाजात, "सगळ्याईसाठी चहा टाक."

"कोणाच्या घरी टाकू, दादा?"

पट्टा फिरत होता. त्या आवाजात ऐकू आलं नाही असं म्हणता आलं असतं, पण कारभारीने इंजिन बंद केलं आणि ती सोय राहिली नाही. उकंडरावांनी हँडल सोडलं. गोजरबाईंनी आशाबाईकडे पाहिलं, आशाबाईने गोजरबाईंकडे.

"सांगा ना," शालूबाई म्हणाल्या. "मी उभी आहे."